पातेलं, पलंग आणि एअरलूम

इचलकरंजीत कुणाला तुम्ही सांगितलंत की आमच्या घरात एअरलूम आहे, तर तो खुर्ची पुढे करील, चहा सांगेल आणि विचारील, "किती माग? मीटरला काय मजुरी पडते?" तिथे आडवा धागा हवेच्या झोताने पलीकडे फेकणारे एअरजेट माग आहेत. त्यामुळे 'एअर' आणि 'लूम' शेजारी आले की तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे शेड, वीजबिल आणि बँकेचा हप्ता एवढंच उभं राहतं. पुण्यात तसं नाही. पुण्यात हा शब्द इन्स्टाग्रामवरून उतरला आणि थेट साड्यांच्या दुकानात जाऊन गादीवर बसला.

"ताई, हे आमचं एअरलूम कलेक्शन."

"म्हणजे पॉवरलूम?"

"छे छे! पॉवरलूम आम्ही ठेवतच नाही."

"मग हँडलूम म्हणा की सरळ."

"हँडलूम तर आहेच ताई. पण एअरलूम म्हणजे त्याच्याही वरचं."

किती वरचं, ते किमतीच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं. पैठणी गेल्याच महिन्यात येवल्यात मागावरून उतरली होती. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिला अजून आजी मिळायची होती, नात मिळायची होती, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास लागायचा होता. पण पिढीजात ती आत्ताच झाली होती.

इंग्रजीत या शब्दातला 'एअर' म्हणजे हवा नव्हे, वारस. त्याच्या स्पेलिंगच्या डोक्यावर एच बसलेला आहे, पण तो उच्चारायचा नाही. यादीत पहिलं नाव आणि तोंड उघडायची सोय नाही, ही जागा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बहिणीची होती. वडील गेले की तलाठ्याकडे वारसनोंद होते, सातबाऱ्यावर तिचं नाव लागतं, आणि पुढच्या भाऊबीजेला ओवाळणीच्या पाकिटाबरोबर हक्कसोडपत्राचा कागद येतो. "सही कर गं, नुसती फॉर्मॅलिटी आहे." 1994 साली महाराष्ट्राने, तेही लग्न न झालेल्या मुलींपुरता, आणि 2005 साली साऱ्या देशाने कायदा बदलून मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतःच हिस्सा दिला. तेव्हापासून या एचला कायद्याने आवाज आहे. भाऊबीजेच्या सुमारास तो अजून बसतो, एवढंच.

काही मंडळी स्पेलिंगशी प्रामाणिक राहून 'हेअरलूम' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, गंगावन विणायचा माग असावा.

आणि 'लूम' म्हणजे तरी काय? माग नव्हे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ होता अवजार, हत्यार, घरातलं कसलंही कामाचं सामान. कुदळ म्हणा, कढई म्हणा, सगळं लूमच. पुढे विणकरांनी तो शब्द आपल्या अवजारासाठी राखून घेतला आणि बाकीची अवजारं बिननावाची झाली. म्हणजे मागाचा लूम आणि एअरलूमचा लूम एकाच घरातले, मागाहून वेगळे निघालेले. दुकानदार चुकला होता हे खरं. पण चुलत नात्याने बरोबर होता.

तर वारसाचं सामान. पण कुठलं सामान? इथून गंमत सुरू होते, कारण मूळ इंग्रजी कायद्यात एअरलूम म्हणजे भावना नव्हती, आठवण नव्हती, आजीचा सुगंध वगैरे तर नव्हताच. ती मालमत्तेची एक अडनिडी जात होती. जुन्या इंग्लंडात जमीन आणि घर थोरल्या मुलाला जाई, अख्खंच्या अख्खं. धाकट्यांनी सैन्यात जावं, चर्चमध्ये जावं, नाहीतर ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी धरून आपल्याकडे यावं. (आपल्या इतिहासातली बरीच माणसं ही इंग्लंडातल्या वाटणीत न बसलेले धाकटे भाऊ होती, हे शाळेत कुणी सांगत नाही.) उरलेलं जंगम सामान, म्हणजे भांडीकुंडी, पैसाअडका, गुरंढोरं, ते मात्र कारभाऱ्याच्या हातात जाई, त्यातून देणी भागवायची आणि राहिलेलं इतरांत वाटायचं. घर थोरल्याचं, पण घरातला चमचा सगळ्यांचा. आता ओस घरात थोरल्याने करायचं काय? म्हणून काही गावांच्या रूढीने ठरवलं की प्रत्येक जातीच्या सामानातला एकेक चांगला नग घरासोबत थोरल्याकडेच जाईल. स्थावराचं बोट धरून निघालेलं जंगम, ते एअरलूम.

एडवर्ड कोक हे इंग्रजी कायद्यातलं बडं प्रस्थ. 1628 साली छापलेल्या ग्रंथात त्यांनी अशा वस्तूंची यादी दिली आहे. त्यात हिरे नाहीत, मोती नाहीत. सगळ्यांत चांगला पलंग, सगळ्यांत चांगलं टेबल, पातेलं, तवा, गाडी. आपल्याकडच्या रुखवतातून कुणी लाडवांचं ताट उचलून नेल्यावर जे उरेल, जवळपास ती यादी. पुढे 1766 साली ब्लॅकस्टन यांनी त्यावर आणखी निरूपण केलं. थडगं आणि चर्चमध्ये टांगलेलं वाडवडिलांचं चिलखत हेही वारसाचं. जमिनीचे दस्त वारसाचे, आणि ते ज्या पेटीत ठेवले ती पेटीही त्याचीच. तळ्यातले मासे आणि खुराड्यातली कबुतरं, उडती असली तरी, वतनासोबत वारसाकडे. कबुतरांना हे कुणी कळवलं होतं का, ते ग्रंथात दिलेलं नाही.

यातला मला आवडलेला नियम वेगळाच आहे. एअरलूम मालकाला जिवंतपणी विकता येई. पण मृत्युपत्र करून दुसऱ्याला देता येत नसे. कारण काय, तर मृत्युपत्र अमलात येतं माणूस मेल्यावर, आणि मेल्याक्षणीच रूढीने ती वस्तू वारसाची झालेली असते. दोघेही एकाच घटनेची वाट बघत बसलेले, पण रूढी अर्ध्या पावलाने आधी पोहोचते. बाप थोरल्यावर कितीही चिडलेला असो, पातेलं त्यालाच. नको असेल तर बापाने जिवंत असतानाच ते विकून खावं, एवढीच कायद्याने मोकळीक ठेवली होती.

शेक्सपिअरने 1616 साली मृत्युपत्रात बायकोला आपला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग ठेवला, आणि गेली चारशे वर्षं जगातले विद्वान त्या पलंगाखाली वाकून काहीतरी शोधत आहेत. बायकोवर राग होता का? प्रेम होतं का? काही अभ्यासक म्हणतात, उत्तम पलंग पाहुण्यांचा असे, किंवा तो घरासोबत वारसाकडेच जाणार होता. मग नवऱ्याच्या हातात राहिला दुसरा. हे मला पटतं. नवऱ्याच्या हातात दुसऱ्या क्रमांकाचंच राहतं, त्यासाठी नाटककार असावं लागत नाही.

या सगळ्या भांडणाची परमावधी अँथनी ट्रोलप या कादंबरीकाराने केली. 'द यूस्टेस डायमंड्स' ही त्याची कादंबरी 1871 ते 1873 या काळात मासिकातून हप्त्याहप्त्याने आली. लिझी नावाची देखणी, हुशार आणि खोटं बोलण्यात तरबेज अशी तरुण विधवा. तिच्याकडे दहा हजार पौंडांचा हिऱ्यांचा हार आहे आणि ती म्हणते, हा मला नवऱ्याने दिला. सासरचा वकील म्हणतो, दिला कसा? ते घराण्याचं एअरलूम आहे, देणारा तो कोण? झालं. हार लोखंडी पेटीत घालून बाई गावोगाव फिरते. चोर हॉटेलातून पेटी पळवतात, तर हार तिच्या उशीखाली. पण ती हे पोलिसांना सांगत नाही. मग हार खरोखरच चोरीला जातो. मराठी मालिकेवाल्यांच्या हाती ही कथा अजून कशी लागली नाही, याचं आश्चर्य वाटतं. चार वर्षं सहज चालेल, हिऱ्यांच्या जागी तोडे घातले की झालं.

मधेच एक मोठा कायदेपंडित लेखी मत देतो. त्यासाठी ट्रोलपने चार्ल्स मेरीवेदर नावाच्या खऱ्याखुऱ्या बॅरिस्टरकडून मत लिहून घेतलं आणि जसंच्या तसं कादंबरीत घातलं. त्या मताचा सारांश असा की पातेलं, तवा, पलंग हे एअरलूम होऊ शकतात. हार होऊ शकत नाही. सासरकडचा वकील सर्द! दहा हजारांचे हिरे घराण्याचे नव्हेत, आणि काळं पडलेलं पातेलं मात्र घराण्याचं. कादंबरीतल्या त्या कायदेपंडिताचं नाव आहे डव्ह, म्हणजे कबुतर. ट्रोलपने ब्लॅकस्टनची ती खुराडी वाचून हे नाव ठेवलं असावं, असा मला दाट संशय आहे.

आता कुणी म्हणेल, इंग्रजांकडे हे असं. आपल्या संस्कृतीत थोरल्याला उत्तम वस्तू द्यायची असला भेदभाव नव्हताच. होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात थोरल्याला विसावा हिस्सा जादा आणि वर सगळ्या चीजवस्तूंमध्ये जी उत्तम असेल ती, असं स्वच्छ सांगितलं आहे. म्हणजे उत्तम पातेलं थोरल्याला. कोकसाहेबांच्या कितीतरी शतकं आधी.

मग ते गेलं कुठे? ते कल्याणात संपलं. कल्याण म्हणजे डोंबिवलीशेजारचं नव्हे. बिदर जिल्ह्यातलं, हल्लीचं बसवकल्याण. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात तिथे विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. आपल्या घरांतल्या वाटण्या गेली सुमारे नऊशे वर्षं तिच्या हिशोबाने चालत आल्या. थोरल्याच्या या जादा वाट्याशी आल्यावर विज्ञानेश्वर म्हणतो की हे शास्त्रात आहे खरं, पण ते लोकविद्विष्ट आहे. लोकांना त्याचा तिटकारा आहे, म्हणून ते करू नये. सगळ्यांना सारखं वाटा.

केवढा मोठा माणूस! शास्त्राचं वाक्य समोर आहे, ते नाकारायचंही नाही, आणि धाकट्या भावांचे चढलेले आवाज ओट्यावरून आत ऐकू येताहेत. मला तर वाटतं, विज्ञानेश्वर स्वतः धाकटा असावा. याला पुरावा काही नाही. पण ज्या तन्मयतेने तो समान वाट्याच्या बाजूने उभा राहतो, ती तन्मयता थोरल्या भावात मी तरी पाहिलेली नाही.

वाटू नयेत अशाही काही वस्तू स्मृतिकारांनी सांगितल्या आहेत आणि ती यादी वाचण्यासारखी आहे. ज्याच्या अंगावरचे कपडे त्याचे, ज्याचं वाहन त्याचं, अंगावरचा दागिना त्याचा. विहिरीचं पाणी वाटू नये, पाळीपाळीने घ्यावं. जायच्यायायच्या वाटा वाटू नयेत. आणि शिजवलेलं अन्न वाटू नये. हे शेवटचं ज्याने लिहिलं त्याने भावंडांची भांडणं नुसती ऐकलेली नव्हती, चुलीशेजारी बसून पाहिलेली होती. विळी, वरवंटा, गाय, गोठा यांचे चार भाग झाल्यावर कुणाची तरी नजर चुलीवरच्या आमटीकडे गेली असणार आणि ऋषींना पुन्हा लेखणी उचलावी लागली असणार.

आता पलंग. इंग्लंडात बापाचा उत्तम पलंग थोरल्याला. मिताक्षरेत बृहस्पतीचं वचन दिलंय, त्याप्रमाणे बापाचे कपडे, दागिने, अंथरूण-पलंग, वाहन हे सगळं फुलंबिलं घालून, सुगंध लावून श्राद्धाला जेवायला बसलेल्या ब्राह्मणाला देऊन टाकायचं. म्हणजे तिकडे ज्या पलंगासाठी कायद्याचे ग्रंथ झाले, तो इकडे अत्तर लावून गल्लीच्या बाहेर! कुठलाच भाऊ तो पुढे तीस वर्षं 'बाबांचा पलंग' म्हणून मिरवणार नाही, आणि बाकीचे तीन भाऊ प्रत्येक दिवाळीला त्याकडे बघून उसासे टाकणार नाहीत. एअरलूम जन्मालाच येऊ नये याची इतकी पक्की तजवीज दुसऱ्या कुठल्या समाजाने केली असेल, असं वाटत नाही.

त्यामुळे आपल्याकडे जे झालं ते वाटणी. तांब्यापितळेची भांडी तराजूत घालून वाटलेली घरं आहेत. सुरेख नक्षीचा लोटा आणि पोचे आलेली घागर तराजूला सारखीच. वजन जुळेना तेव्हा एका वाट्यात पळी टाकायची, तरी जुळेना तेव्हा पळी काढून झारा टाकायचा. कोकणात फणसाचं झाड एक आणि हिस्सेदार अठरा. त्यांपैकी बारा मुंबईत, चार पुण्यात, एक बडोद्यात आणि एकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, पण वाटपाच्या कागदावर त्याच्या सहीवाचून अडतं. फणस दर वर्षी पिकतो आणि माकडं खातात. माकडांना सातबारा लागत नाही. देशावर विहिरीची पाळी आण्यांत. "आमची साडेतीन आणे" म्हणणारा तरुण पुढच्या वाक्यात बिटकॉइनचा भाव सांगतो. आणा चलनातून 1957 साली गेला, विहिरीतून नाही.

'वडिलोपार्जित' हा आपला शब्द किती भारदस्त आहे बघा! पण तो उच्चारला की आठवतो तो वकील. 'आमचं वडिलोपार्जित आहे' असं कुणी म्हणालं, तर ऐकणारा "अरे वा, सुंदर" म्हणत नाही, "दावा कुठल्या कोर्टात आहे?" असं विचारतो. इंग्रजांनी थोरल्याचाच सगळा हक्क 1925 साली कायदा करून संपवला. त्यानंतर तिकडेही पातेल्यांचा मोह सुटला आणि एअरलूम हा शब्द कोर्टातून निघून दिवाणखान्यात आला. हळवा झाला. आपला शब्द अजून तारखा घेत फिरतो आहे.

तरीही मराठी घरात एक वस्तू अशी आहे की कोकसाहेब आणि ब्लॅकस्टनसाहेब दोघांनीही तिला मान तुकवून एअरलूम म्हटलं असतं. देव्हाऱ्यातले टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले खंडोबा-म्हाळसा, भवानी, जोतिबा, कुठल्यातरी लढाईत पडलेले वीर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पंचामृताने आणि रांगोळीच्या घासणीने देवांची नाकं सपाट झालेली. मंडळी ओळखू येतात ती घोड्यावरून किंवा हातांच्या संख्येवरून. भाऊ वेगळे झाले की हे मूळ देव थोरल्याकडे राहतात. धाकटे सोनाराकडून नवे करून घेतात. आणि नवल म्हणजे, जिथे पळीवरून मारामारी झाली तिथे चांदीच्या देवांवरून चकार शब्द निघत नाही. विज्ञानेश्वराला आठवून "हे लोकविद्विष्ट आहे" असं कुणीही धाकटा ओरडत नाही. उलट, "दादा, देव तुझ्याकडेच हवेत, तो मान तुझा" असं बोलताना त्याचा गळा दाटून येतो.

कारण टाकांबरोबर नवरात्र येतं. घट, माळ, नऊ दिवस अखंड दिवा. म्हणजे नऊ दिवस घराला कुलूप नाही. मग चंपाषष्ठीची तळी, मग लग्नानंतरचा गोंधळ, काही घरांत बोडण, अधूनमधून जेजुरीला नाहीतर तुळजापूरला जाऊन देव भेटवून आणणं. धाकटा नवरात्रात सहकुटुंब दर्शनाला येतो, पुरणपोळी खातो, "वहिनी, या घरातलं वातावरणच वेगळं असतं" म्हणतो आणि नऊच्या गाडीने परत जातो. वहिनी तोपर्यंत वातावरण घासत असतात. थोरल्याला मिळालेली वस्तू तोळ्यांत मोजायची, आणि थोरलीला मिळालेली वस्तू पुरणाच्या किलोंत.

बाकीच्या वस्तूंचं आपण काय केलं, ते हल्ली ज्या हळवेपणाने एअरलूम-एअरलूम चाललंय त्यात कुणी बोलत नाही. आपण त्यांची मोड केली. स्टेनलेस स्टील आलं आणि घरोघरच्या बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. का टाकू नये? पितळेला कल्हई लागते, कल्हईवाला वेळेवर येत नाही, ताक कळकतं, चिंच लावून घासताना मनगटं जातात. तेव्हा पितळी पातेली, तांब्याचे हंडे, पाणी तापवायचा बंब हे सगळं मोडीत घालून चकचकीत डबे आले. त्यावर नाव आणि तारीख कोरून घेतली गेली. जरीच्या जुन्या साड्यांची तीच गत. दारावर 'जुनी जर' म्हणून ओरडत माणूस यायचा. तो आजीचा शालू वजन करून न्यायचा, जाळायचा आणि राखेतून चांदी काढायचा. ज्या नातीच्या आजीने शालू असा विकला, ती नात आता नवी पैठणी 'एअरलूम' म्हणून हप्त्यांवर घेते. आजीला हे सांगितलं असतं तर तिने एवढंच विचारलं असतं की मोडीला काय भाव लागला.

आणि घरोघरचे लोक हे सगळं बाहेर काढत होते तेव्हा पुण्यात एक गृहस्थ ते आत घेत होते. दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. त्यांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, कुलपं, करंडे, फण्या, वज्र्या असं काय काय जमवलं, 1962 साली त्याचं संग्रहालय केलं, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं, आणि 1975 साली सगळं सरकारला देऊन टाकलं. आज तिथे मुलंबाळं घेऊन गेलेला पुणेकर काचेपलीकडचा अडकित्ता बघून म्हणतो, "अगदी अस्सा आमच्याकडे होता!" तिकिटाचे पैसे भरून आपलंच पाहायचं. तिथले कितीतरी अडकित्ते कुणाच्या ना कुणाच्या आजोबांच्या चंचीतले असणारच. पण एकाही वारसाने अजून दावा लावलेला नाही, यावरून संग्रहालयाच्या भिंती जाड असाव्यात.

हा शब्द भाजीबाजारातही शिरला आहे, आणि तिथे त्याने जे केलं त्याला तोड नाही. अमेरिकेत जुन्या, घरोघर बी राखून लावत आलेल्या वाणांना एअरलूम म्हणायची पद्धत पडली. आयोवा राज्यातली सीड सेव्हर्स एक्स्चेंज ही संस्था 1975 पासून असं बी सांभाळते. तिची सुरुवात एका आजोबांकडून आलेल्या फुलांच्या आणि टोमॅटोच्या बियाण्यापासून झाली. चांगलंच आहे. पण तो टोमॅटो आता आपल्या शहरांतल्या काचेच्या भाजीदुकानांत आलाय. वेडावाकडा, चिरा पडलेला, अर्धा हिरवा, आणि किंमत अशी की आत सोनं भरलंय की काय वाटावं. बाहेर हातगाडीवर तसलाच टोमॅटो घेऊन बसलेली बाई त्याला 'गावठी' म्हणते आणि गिऱ्हाईक तो वेचून बाजूला काढतं. "मावशी, असला वेडावाकडा नको, चांगला हायब्रीड द्या." मग तेच गिऱ्हाईक आत जातं.

'गावठी' हा शब्द आपण कोंबडी आणि अंडी सोडून कशालाही कौतुकाने लावला नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे वर्षानुवर्षं वालाचं, भाताचं, भाज्यांचं गावरान बी मडक्यात राखेत घालून जपत होत्या. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली आणि शहराला कळलं की हे बी आपल्या आजीचं होतं. राहीबाईंनी त्याला एअरलूम म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. त्या ते पेरतात आणि दुसऱ्यांना पेरायला देतात. वाटून वाढतं असं हे एकच वडिलोपार्जित. भावाभावांत यावरून फौजदारी झाल्याचंही कधी ऐकलं नाही, कदाचित म्हणूनच शहरात त्याला बरीच वर्षं किंमत नव्हती.

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या दिवाळीत न्यू जर्सीहून पुतण्याचा संदेश आला. नवं घर घेतलंय, दिवाणखान्यात एक भिंत मोकळी आहे, तिथे आपलं एखादं फॅमिली एअरलूम लावायचंय, कुणाकडे काही आहे का? शब्द कळायला अर्धा तास गेला. मग मात्र ग्रुप जो पेटला तो गणपतीतही पेटत नाही. धाकट्या काकूंनी माळ्यावरच्या बंबाचा फोटो टाकला. चोचीला भोक आहे, पण भिंतीवर काय पाणी तापवायचंय? एका आतेभावाने आजोबांचं एचएमटी घड्याळ देऊ केलं, जे किल्ली दिली तरी चालतं आणि नाही दिली तरी दिवसातून दोनदा बरोबर असतं. थोरल्या काकांनी पाटा-वरवंटा लिहिला. आणि मग आत्याने, जिने साठ वर्षांपूर्वी एका कागदावर सही करून दिली होती आणि त्यानंतर घराण्याच्या कुठल्याही मालमत्तेवर कधी मत दिलं नव्हतं, शुद्ध मराठीत टाइप केलं: "देव ने. दादाच्याने आता नवरात्र होत नाही. टाक हातावर मावतात, कस्टमवाले अडवणार नाहीत. घट कधी बसवायचे ते दर वर्षी मी कळवीन."

पुतण्याने अंगठा पाठवला. तो बंबाला होता, घड्याळाला होता, की नवरात्राला होता, यावर ग्रुपमध्ये दोन तट आहेत. थोरल्या वहिनींनी तो नवरात्राला धरून देव्हाऱ्याची मापं पाठवूनही दिली आहेत. थोरल्या काकांचं म्हणणं आहे की अंगठा पाट्यालाच होता. त्यांनी भंगारवाल्याचा ताणकाटा आणून पाटा तोलला. विमानाच्या तेवीस किलोत तो बसतो, पण मग वरवंटा हातातल्या पिशवीत घ्यावा लागेल.